वचनाच्या मागची-पुढची ओळ : वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं बरीच आली आणि त्यात एक गोष्ट सारखी दिसली म्हणून आधी तेवढं बोलते. जवळपास प्रत्येक पत्रात कुणीतरी कुणाला तरी बायबलमधलं एक वचन ऐकवलेलं आहे. नोकरी गेलेल्याला, आजारी बाईला, भावाशी बिनसलेल्याला, आणि ते ऐकून माणूस सावरायच्या ऐवजी अजून खचलाय. वचन खोटं नसतं हो, पण मधूनच उचललेलं असतं, मागचं नाही पुढचं नाही. त्यामुळे या महिन्यात मी सगळ्यांना एकच विचारणार आहे, तो अध्याय पूर्ण वाचलात का? नावं नेहमीसारखी काढून टाकलीत, राहायचं ठिकाण तेवढं ठेवलंय.

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. मी कोपरखैरण्याला राहतो, महापेला एका कंपनीत होतो, मार्चमध्ये आमच्या अख्ख्या टीमला काढलं. तेव्हापासून मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या ग्रुपवर रोज सकाळी कुणी ना कुणी यिर्मया २९:११ टाकतं, देवाचे संकल्प हिताचे आहेत वगैरे. सुरुवातीला बरं वाटायचं, आता तो सूर्योदयाचा फोटो दिसला की डोकं फिरतं. घराचा हप्ता काय थांबत नाही. माझा विश्वास कमी झालाय का?

उत्तर : अजिबात नाही. तुला कुणी ते पत्र पूर्ण वाचून दाखवलेलं नाही एवढंच. हो, ते पत्र आहे, यिर्मयाने यरुशलेमहून बाबेलला पाठवलेलं, तिथल्या नबुखद्नेस्सर राजाने ज्यांना पकडून नेलं होतं त्या लोकांना. घरदार सुटलेलं, मंदिर लांब राहिलेलं, आणि तिथे बसून सगळ्यांचा एकच प्रश्न, परत कधी जायचं. आता त्याच्या आदला अध्याय काढ, अठ्ठाविसावा. तिथे हनन्या म्हणून एक संदेष्टा आहे, तो छातीठोक सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल, राजा येईल, मंदिरातली भांडीसुद्धा येतील. यिर्मया तेव्हा मानेवर जू घालून हिंडत होता, हनन्याने ते जू ओढून काढलं आणि सगळ्यांसमोर मोडलं. लोकांना काय, तेच बघायचं होतं. आणि यिर्मया काय लिहितो? सत्तर वर्षं. अकराव्या वचनाच्या अगदी वरचं, दहावं वचन बघ, आकडा तिथेच आहे. म्हणजे ज्यांच्या हातात ते पत्र पडलं त्यातले बरेचजण बाबेलमध्येच मरणार होते आणि त्यांनाच देव म्हणतोय की तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. हे काही सूर्योदयाच्या फोटोवर मावत नाही.

बरं मग तोपर्यंत करायचं काय, तर तेही लिहिलंय, पाच ते सात वचनं. घरं बांधा, त्यात राहा, बागा लावा, फळं खा, लग्नं करा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा कारण त्याचं भलं त्यातच तुमचं भलं. मला तर हे वाचताना दर वेळी नवी मुंबईच डोळ्यापुढे येते. सिडको १९७० ला झाली आणि खाडीपलीकडे हे शहर उभं राहिलं, इथली मूळची आगरी-कोळी गावं सोडली तर आपण सगळे कुठून ना कुठून आलेलेच, कुणी नगरचा, कुणी जालन्याचा, कुणी सांगलीचा, आणि वीस वर्षं इथे काढून पण गाव कुठलं विचारलं की इथलं नाव तोंडात येत नाही.

तर तू आता दोन-तीन गोष्टी कर. बँकेशी आधी बोल, हप्ता चुकायच्या आत, चुकल्यावर बोललं की सगळंच अवघड होतं. ग्रुपवर सरळ लिही की वचनाबद्दल आभार, मी अमुक कामाचा आहे, इतका अनुभव आहे, कुणाच्या ऑफिसमध्ये जागा असेल तर नाव पुढे करा. यात लाजायचं काही नाही, नगराचं हित बघा म्हणजे शेवटी एकमेकांचं हित बघा असंच ना? आणि चिडायचंच असेल तर देवापुढे चीड. स्तोत्र १३ उघड, दावीद पहिल्या दोनच वचनांत चार वेळा विचारतो, कोठवर? कोठवर? त्याला कुणी म्हटलं नाही की तुझा विश्वास कमी आहे, उलट ते गाण्याच्या पुस्तकात घातलं. आणि हो, ग्रुपवरच्या लोकांना हनन्या म्हणू नकोस, मनातल्या मनात सुद्धा, ते प्रेमाने टाकतात, फक्त त्यांना पुढे काय बोलायचं सुचत नाही.

प्रश्न : आम्ही कळव्याला असतो. आईला डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा ठाण्याला न्यावं लागतं. एक काकी घरी येऊन प्रार्थना करतात, मनाने चांगल्या आहेत, पण मागच्या वेळी आईच्या तोंडावर म्हणाल्या की घरात कुणाचं तरी पाप आडवं येतंय, नाहीतर एवढ्या प्रार्थना होऊन गुण कसा नाही. त्या रात्री आई जेवलीच नाही. आता म्हणते डायलिसिस बंद करा, विश्वासाने बघू. मी एकटी मुलगी, नोकरी करते. काय करू?

उत्तर : आधी हे. डायलिसिस बंद करायचं नाही, एक पाळी पण चुकवायची नाही. किडनी जे काम करत नाही ते मशीन करतंय, ते थांबलं की अंगात पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं, धाप लागते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे काही महिन्यांनी नाही तर दिवसांत होतं. आई असं बोलतेय हे आजच डॉक्टरांना आणि तिथल्या सिस्टरना सांगा, खूप पेशंट कंटाळून असं म्हणतात, त्यांना ते नवीन नसतं आणि कसं बोलायचं ते त्यांना माहीत असतं.

आता विश्वासाचं. हिज्कीया राजा मरायला टेकला होता, २ राजे विसावा अध्याय, त्याने भिंतीकडे तोंड करून रडून प्रार्थना केली आणि देवाने त्याचं आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवलं, ही साक्ष तुम्ही दहादा ऐकली असेल. पण तिथेच सातवं वचन आहे, यशया संदेष्टा म्हणतो अंजिरांची ढेप आणा, आणि ती गळवावर बांधतात आणि राजा बरा होतो. देवाने स्वतः शब्द दिलेला, आणि तरी औषध लावलंच की. कुणी यशयाला म्हटलं नाही की तुमचा विश्वास नाही का. आणि पौल बघा, ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे व्हायचे असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय, तोच पौल तीमथ्याला दुसऱ्या पत्राच्या शेवटी सहज लिहून जातो की सोबतीचा त्रफिम आजारी होता, त्याला मिलेतात ठेवून आलो. बस, एवढंच. का बरा झाला नाही, कुणाचं पाप, काही नाही.

पाप-पाप जे काकी म्हणतात ते शिष्यांनी पण विचारलं होतं येशूला, योहान नववा अध्याय, जन्मापासून आंधळा माणूस रस्त्यात बसलेला आणि हे त्याच्यासमोरच विचारतात गुरुजी पाप कुणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं. येशू म्हणाला याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. हे आईला वाचून दाखवा. नुसतं सांगू नका, पुस्तक हातात घेऊन वाचा, कारण काकींचं वाक्य तिच्या डोक्यात बसलंय आणि त्याच्या जागी दुसरं वाक्य बसायला हवं.

मला ईयोबाच्या, त्या सगळं गमावलेल्या भल्या माणसाच्या मित्रांचा राग येतो आणि थोडी कीवही येते. ते आले ना, तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. इतकं छान केलं. मग तोंड उघडलं आणि सगळं घालवलं, अध्यायामागून अध्याय नुसतं तू काहीतरी केलं असशील, तू काहीतरी केलं असशील. शेवटी बेचाळिसाव्या अध्यायात देव त्या मित्रांवरच रागावतो, ईयोबावर नाही.

काकींशी भांडू नका. त्यांना काम द्या. सांगा की काकी, गुरुवारी माझी मीटिंग आहे, आईबरोबर सेंटरला बसाल का, चार तास लागतात. तिथे बसल्यावर त्यांना दिसेल, हातातल्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी केलेल्या शिरेच्या जोडात दोन जाड सुया, चिकटपट्ट्या, शेजारच्या खुर्चीवर झोपलेला पेशंट, घरी आल्यावर दिवसाचं पाणी मापून एका बाटलीत भरून ठेवलेलं, आणि त्यातूनच गोळ्या घ्यायच्या. तिथे आईचा मोकळा हात धरून एखादं स्तोत्र वाचलं तर ती प्रार्थनाच आहे, आणि याकोबाने तेच म्हटलंय दुसऱ्या अध्यायात, की उघड्या-उपाशी माणसाला नुसतं सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा असं म्हटलं आणि दिलं काहीच नाही तर उपयोग काय. काकी नाही म्हणाल्या तर मग पाळकसाहेबांना सांगा की घरी येणारी प्रार्थना काही दिवस थांबवा. आईची मनःशांती आधी.

प्रश्न : माझं माहेर ऐरोली, सासर ठाणे, ऑफिस वाशीला. सकाळी डबे, मुलाची शाळा आणि मग ट्रेन. नणंद पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करते आणि मला म्हणते 'निरंतर प्रार्थना करा' असं बायबलमध्येच आहे, तुला दहा मिनिटं पण मिळत नाहीत? मला खूप अपराधी वाटतं.

उत्तर : १ थेस्सलनीकाकरांस, पाचवा अध्याय, सतरावं वचन. नणंदेला म्हणावं चौदावं पण वाच, जे अल्पधीराचे आहेत त्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, सर्वांशी सहनशीलतेने वागा. तीनच ओळी वर आहे. (हे तोंडावर म्हणू नका, घरात राहायचंय.)

बायबलमधला नहेम्या राजाचा प्यालेबरदार होता, राजाला प्याला भरून देणारा, म्हणजे नोकरीच. राजाने विचारलं तोंड का उतरलंय, काय हवंय तुला, आणि तो लिहितो की तेव्हा मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो. राजासमोर उभं राहून हातात प्याला असताना किती लांब प्रार्थना केली असेल? एक श्वास. पण खरं सांगायचं तर त्याच्या मागे पहिला अध्यायही आहे, तिथे तो कितीतरी दिवस उपास करून रडलेला आहे. तेव्हा श्वासाएवढी प्रार्थना चालते, पण कधीतरी बसून केलेली पण लागते, नाहीतर श्वासाचीही सवय सुटते.

तुमच्याकडे ठाणे-वाशीची ट्रान्स-हार्बर लोकल आहे, तिचा उपयोग करा. ठाण्याला नऊ-दहा नंबरवर गाडी लागलेली असते, बसायला मिळालं तर उत्तमच, नाही मिळालं तर दाराजवळच्या खांबाला टेकून फोनवर. ऐरोली ते रबाळे एक छोटं स्तोत्र होतं. स्तोत्र १३ सहा वचनांचं, १२१ आठ वचनांचं, १३१ तर तीनच वचनांचं. ११९ वं सगळ्यात लांब, १७६ वचनं, त्याला सगळे घाबरतात पण ते आठ-आठच्या बावीस तुकड्यांत आहे, कामाच्या दिवशी एक एक तुकडा घेतला तर महिन्याभरात संपतं. वाचलं की घणसोली-कोपरखैरण्यापर्यंत मोबाईल पर्समध्ये आणि वाचलं त्यातली एक ओळ मनात घोळवायची, आणि डब्यात समोर जी कोण झोपलेली बाई दिसेल तिच्यासाठी त्या ओळीवरून मागायचं. ओळखीची नसली तरी चालतं. तुर्भ्याला गर्दी चढली की थांबायचं, तेव्हा कुणाचंच ध्यान लागत नाही. आणि रविवारी दुपारी नवऱ्याला मुलाला घेऊन तलावपाळीवर पाठवा, घर अर्धा तास एकट्याला मिळू दे, त्यावर तुमचा हक्क आहे.

प्रश्न : नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. फ्लॅट वडिलांच्या नावावर, ते मृत्युपत्र न करता गेले. आई आहे, आम्ही दोघे भाऊ. सोसायटीत नॉमिनी मोठा भाऊ आहे आणि तो म्हणतो तू हक्कसोडपत्र दे. तो चर्च कमिटीवर आहे. मी नाही म्हटलं तर पाळकसाहेबांनी मला बोलावून साताच्या सत्तर वेळा क्षमा करा हे वचन दिलं. प्रभूभोजनाच्या रविवारी आम्ही एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतो. मी सही करून टाकू का?

उत्तर : घाईत सही करू नका. क्षमा वेगळी आणि सही वेगळी. नॉमिनी म्हणून नाव असणं म्हणजे मालकी नव्हे, आणि आपल्या लोकांत एक मोठा गैरसमज आहे की वारसाहक्काचा कायदा सगळ्या धर्मांच्या लोकांना एकच लागतो. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्राशिवाय गेला तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, त्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं दोन तृतीयांश मुलांत समान. म्हणजे तुमच्या घरात आईचा एक, तुमचा एक, भावाचा एक, तिघांचे वाटे सारखेच निघतात. तुमच्या पत्रात आईला काय हवंय याबद्दल एक ओळ नाही हो, भाऊ तिला विचारत नाही हे समजू शकते, तुम्ही विचारलंत का? एका चांगल्या वकिलाला कागद दाखवा, तेही भावाच्या ओळखीतला नको आणि तुमच्या पण नको.

आता ते सत्तर वेळांचं वचन. मत्तय अठरा, बावीस. त्याच अध्यायात जरा वर, पंधराव्यापासून वाचा. तुझ्या भावाने अपराध केला तर जा, तो आणि तू एकांती असताना त्याला त्याचा अपराध दाखव. ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना घेऊन जा. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. येशूने नुसतं गप्प बसा आणि सोडून द्या असं सांगितलेलं नाही, आधी जाऊन बोला सांगितलंय, आणि ते एकट्याने. फॅमिली ग्रुपवर नाही, वहिनीमार्फत नाही. तुम्ही दोघं समोरासमोर बसून शेवटचं कधी बोललात?

कुणी तुम्हाला १ करिंथ सहावा अध्याय पण दाखवेल, की कोर्टात जाण्यापेक्षा अन्याय का सोसत नाही. ते खरंच लिहिलंय, सातव्या वचनात, आणि त्याला वळसा घालता येत नाही. पण पाचव्यात पौल करिंथच्या मंडळीलाच लाजवतोय, की भावाभावांचा निवाडा करील असा एकसुद्धा शहाणा माणूस तुमच्यात नाही का? मग तुमच्या मंडळीत बघा ना, कुणी निवृत्त बँकवाला, कुणी शाळेचे हेडमास्तर, ज्याचं दोघं ऐकाल असा. आणि पाळकसाहेबांना अदबीने विचारा की साहेब, दादाला कुठलं वचन दिलंत? लूक बारा तेरा चांगलं आहे, एकजण येशूला म्हणतो माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा, येशू निवाडा करायला साफ नकार देतो आणि लगेच सगळ्यांनाच बजावतो की लोभापासून सांभाळा. सगळ्यांनाच, म्हणजे तुम्हालाही.

प्रभूभोजनाबद्दल मी एवढंच म्हणेन, मत्तय ५:२३-२४ प्रमाणे तुमचं काम जाऊन समेटाचा प्रयत्न करणं आहे, दार त्याने उघडलं नाही तर ते तुमच्यावर नाही. पण बाकाच्या टोकाला बसून तोंड फिरवण्यात आणि दारापर्यंत जाऊन येण्यात फरक आहे.

प्रश्न : घोडबंदर रोडला मोठी सोसायटी आहे आमची. गणपतीत शेजारच्या काकू दरवर्षी प्रसाद आणून देतात. सासूबाई म्हणतात १ करिंथ १०:२१, प्रभूच्या मेजाचं आणि दुसऱ्या मेजाचं दोन्ही खाता येत नाही. माझे मिस्टर म्हणतात त्याच अध्यायात सत्तावीसवं बघ, पुढे वाढलेलं सगळं काही न विचारता खा. दोघं बायबल उघडून भांडतात आणि मोदक गार होतो.

उत्तर : मजा म्हणजे दोघंही बरोबर वाचतायत आणि दोघंही मध्येच थांबतायत. सासूबाईंचं वचन मूर्तीपुढच्या पूजेत भाग घेण्याबद्दल आहे आणि ते कडक आहे. मिस्टरांचं वचन कुणी जेवायला बोलावलं तर पानात काय वाढलंय त्याची चौकशी करत बसू नका याबद्दल आहे. आणि तुमचा प्रश्न अठ्ठाविसाव्यात आहे, कुणी म्हणालं की हे नैवेद्याचं आहे, तर ज्याने सांगितलं त्याच्यासाठी आणि विवेकभावासाठी खाऊ नका. विवेकभाव कुणाचा, तर समोरच्याचा. काकू प्रसाद म्हणूनच देतात, त्यांच्या मनात त्याला अर्थ आहे, तो आपण नुसता गोड पदार्थ समजून तोंडात टाकायचा हा त्यांच्याही भक्तीचा मान नाही असं मला वाटतं. म्हणून माझं मत न खाण्याकडे झुकतं. पण रोमकरांस चौदावा अध्याय सांगतो की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, तेव्हा मिस्टरांना घरात पाप्याची वागणूक नको.

काकूंना दारातून परत पाठवायचं नाही. आत बोलवा, चहा टाका आणि सरळ सांगा की काकू आमच्यात प्रसाद घेत नाहीत, वाईट मानू नका, पण तुमच्या हातची पुरणपोळी सणाच्या आधी कधीही चालेल. शेजारीण इतकी वर्षं देतेय म्हणजे तिला समजेल. आणि डिसेंबरात करंज्यांचा, शंकरपाळ्यांचा पहिला डबा तिच्याकडे. तिने घेतला नाही तर तुम्हीही वाईट मानायचं नाही.

प्रश्न : मुलगा सातवीत, ठाण्यात शाळा. वर्गात मुलं म्हणतात तुम्ही कन्व्हर्टेड, इंग्रजांचा धर्म. तो घरी येऊन रडला. त्याचे बाबा म्हणतात १ पेत्र ३:१५, उत्तर द्यायला नेहमी सिद्ध असा, चांगलं सुनाव त्यांना.

उत्तर : बाबांना म्हणावं वचन पूर्ण करा, ते पुढे सौम्यतेने आणि भीडस्तपणाने असं आहे. सुनावणं त्यात बसत नाही.

पण माहिती असावी. १३२१ मध्ये, म्हणजे वास्को द गामा यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी, याच ठाण्यात थॉमस ऑफ टोलेंटिनो आणि त्याचे तीन साथीदार असे चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले, आणि ते इथे उतरले होते ख्रिस्ती कुटुंबांच्याच घरी, पूर्वेकडच्या नेस्टोरियन परंपरेतल्या. १६१६ मध्ये फादर स्टीफन्सनी येशूची गोष्ट मराठी ओव्यांत छापली. आणि शाळेच्या मराठीच्या पुस्तकात ज्यांच्या कविता मुलं शिकत आली ते ना. वा. टिळक, त्यांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंगांसारखी भजनं लिहिली जी आपण अजून टाळ घेऊन म्हणतो. इंग्रजी वाटतं का त्यात काही? कन्व्हर्टेड या शब्दाला मात्र मुलाने घाबरू नये. कुठल्यातरी पिढीत कुणीतरी विचार करून पाऊल टाकलं, आजोबांना विचारा, घरात ती गोष्ट असतेच, ती त्याला सांगा. आणि चिडवणं रोजचं असेल तर वर्गशिक्षिकेला भेटा, ते काम सातवीतल्या पोराचं नाही. त्यातल्या एखाद्याला नाताळला घरी बोलवा, पोरं फराळ बघून लवकर मऊ होतात.

प्रश्न : पनवेलहून लिहितोय. गुरुवारच्या कॉटेज प्रार्थनेत, म्हणजे कुणाच्या तरी घरी जमून होते त्या प्रार्थनेत, आळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करायला लावतात. मला जमत नाही, घाम फुटतो. बाकीचे पंधरा-पंधरा मिनिटं करतात. येशूने मत्तय सहामध्ये खोलीत जा, दार लाव असं सांगितलंय ना, मग मी घरीच केली तर?

उत्तर : घरी कराच, पण ते वचन सुटकेसाठी वापरू नका, येशू तिथे चौकात उभं राहून लोकांना दाखवायला केलेल्या प्रार्थनेबद्दल बोलतोय आणि तुम्हाला तर कुणी बघूच नये असं वाटतंय, म्हणजे तुमचा धोका तो नाही. पुढचं सातवं आणि आठवं वाचा, फार बोलल्याने ऐकलं जातं असं समजू नका, तुम्ही मागायच्या आधी तुमची गरज पित्याला ठाऊक आहे. पंधरा मिनिटांचं बंधन कुणी घातलं?

पेत्र पाण्यात बुडायला लागला तेव्हा ओरडला, प्रभुजी, मला वाचवा. मंदिरात जकातदार म्हणाला, हे देवा, मज पाप्यावर दया कर. दोघांचं ऐकलं गेलं. तेव्हा गुरुवारी तुमची पाळी आली की घरातल्या यजमानांचं नाव घ्या, त्यांच्या घरात कुणी आजारी असेल, परीक्षा असेल त्याबद्दल एक वाक्य, धन्यवाद म्हणून एक वाक्य, येशूच्या नावाने आमेन, आणि बसा. आदल्या रात्री कागदावर लिहून नेलंत आणि वाचून दाखवलंत तरी चालेल. लहान केलीत म्हणून कुणी नावं ठेवणार नाही, नऊ वाजून गेलेले असतात आणि आत चहा कधीचा उकळून तयार असतो.